ठणठणीत गुडघ्यावरची नी-कॅप

मित्रांनो, आधी ओळख करून देते. मी एक जुनी नी-कॅप आहे. काळी, ताणून ताणून सैल पडलेली, कितीही धुतली तरी घामाचा वास न सोडणारी. सिंगापूरमधल्या सारंग नावाच्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूच्या उजव्या गुडघ्यावर मी तीन वर्षं काढली.

मला आणलं त्याच्या बाबांनी, पद्माकररावांनी. ते जहाजावर इंजिनिअर. नवा सुटा भाग आला की त्यावर तारीख टाकायची, ही त्यांची जहाजावरची सवय. माझ्याही आतल्या बाजूला त्यांनी पक्क्या शाईने तारीख लिहिली. सारंगचा गुडघा तेव्हा अगदी ठणठणीत होता.

"बिघडायच्या आधीच जपायचं," ते म्हणाले.

"बाबा, आय ॲम नॉट अ शिप, ला!" सारंग खास सिंगापुरी ढंगात म्हणत हसला, पण त्याने मला घातलं.

किती उड्या झेलल्या मी! टाळ्या त्याला मिळायच्या, त्यातली एखादी मी गुपचूप माझ्या नावावर घ्यायची.

पुढे क्लबने खेळाडूंचा विमा उतरवला. खेळताना दुखापत झाली तर बरं होईपर्यंतचा पगार विमा कंपनी देणार होती. वर्षभरातच एका सामन्यात सारंग कोसळला. लिगामेंट तुटलं. मित्रांनो, मी तिथेच होते, घट्ट धरून होते, आणि मला काहीही करता आलं नाही.

क्लबने पगार थांबवला. चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटचं भाडं, ऑपरेशननंतरचे उपचार, सगळी भिस्त आता विम्यावर होती. पद्माकरराव रॅफल्स प्लेसला विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. आपण मुलाला किती जपत होतो हे दाखवायला त्यांनी मलाही सोबत नेलं. कुणी मागितलं नव्हतं.

तिथली अधिकारी रश्मी पुण्याची निघाली, म्हणून त्यांना जरा धीर आला. तिने मला उलटं केलं आणि तारीख वाचली.

"काका, ही तर पॉलिसीच्या दोन वर्षं आधीची. म्हणजे दुखणं जुनंच, आणि जुन्या दुखण्याला विमा लागू होत नाही."

"दुखणं नव्हतंच हो! म्हणून तर घातली!"

"तसा डॉक्टरांचा कागद आहे?"

"दुखलंच नाही, तर डॉक्टरकडे कशाला जाईल तो?"

"दुखत नसताना हे कोण घालतं, काका?" ती हळू आवाजात म्हणाली. "मला हे लिहावंच लागेल."

आठवड्याने नकाराचं पत्र आलं. सारंग बाबांवर चिडला नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं.

आता मी कपाटात असते. त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर मी चढतही नाही. मित्रांनो, कुणी स्वतःला जपताना दिसलं, तर लगेच त्याच्यात खोट शोधू नका. त्या गुडघ्याची खरी हकिकत त्या खोलीत माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, आणि मी टेबलावर उलटी पडून होते.