गल्लीतला पिवळा उजेड

आचल माझ्या बहिणीची मुलगी, अमरावतीची. सिनेमाच्या शूटिंगला ती लाइट लावते. आजवर दुसऱ्याच्या हाताखाली केलं. परतवाड्यात आमच्या गल्लीतलं काम मात्र पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या भरवशावर होतं. म्हणून उतरलीही माझ्याकडेच.

पहिल्या रात्री तिनं खांबांवरचे जुने पिवळे दिवे नीट पाहिले आणि आपल्या मोठ्या लाइटांवर तशाच रंगाचे पारदर्शक कागद लावले. म्हणाली, "मावशी, खांबाचा उजेड कुठं संपते अन् माझा कुठं सुरू होते, हे समजलंच नाही पाहिजे." खरंच समजत नव्हतं. नवऱ्याचा निरोप घेऊन बाई गल्लीत शिरते, इथवर शूटिंग झालं. ती चालत घरी पोचते, ते दुसऱ्या रात्रीसाठी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे चंद्रभानभाऊजी लाइनमनला घेऊन आले आणि खांबांवरचे जुने दिवे बदलून घेतले. गल्लीत नवे पांढरे दिवे यावेत म्हणून ते कधीचे खेटे घालत होते. सिनेमावाले आले म्हटल्यावर त्यांनी पिच्छाच पुरवला. आपली गल्ली पडद्यावर चांगली दिसली पाहिजे ना! आचल रात्रभराची जागलेली, आत गाढ झोपली होती.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून मी जपाला बसले. माळ पुरी झाल्याशिवाय मी उठत नाही, पाणीही घेत नाही. तेवढ्यात बाहेर खांबांवरचे दिवे लागले आणि आचलचा आवाज आला, "हे कोणी केलं?" मी मणी ओढत राहिले खरी, पण मन बाहेरच होतं.

माळ संपवून गेले, तर दिग्दर्शक धर्मेंद्र तिला सांगत होता, "नवऱ्याचं काम करणारा नट सकाळीच गेला. कालचं पुन्हा करता येणार नाही. आज उजेड जुळला नाही, तर उद्यापासून नागपूरचा माणूस बोलावतो."

आचल मान वर करून खांबांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काल माझा उजेड खांबाले जुळवला, आज खांबाचा माझ्याले जुळवू. हेच कागद वर बांधते. काका, तुमची शिडी द्या."

बाजूला उभे असलेले भाऊजी भडकले. "काहून? आत्ता कुठं गल्लीनं तोंड धुतलं, अन् तू तिले कावीळ कराले निघाली?"

"एका रातीसाठी, काका."

"घंट्याभरासाठीही नाही देत!"

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, शिडी नका देऊ. पण कालचं चित्र एकदा पाहून घ्या. तुमचं घर आलंय त्यात."

"माहं घर?"

आचलनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दाखवलं. गल्लीच्या टोकाला भाऊजींचं निळं दार, ओट्यावर घासून पालथी घातलेली घागर, सगळ्यांवर मऊ पिवळा उजेड. मग तिनं कॅमेरा त्याच दाराकडे वळवला, तर पडद्यावर ते पांढऱ्याफटक उजेडात आलं.

"अन् हे कोणाचं होय?" भाऊजींनी विचारलं.

"तुमचंच."

भाऊजी वाकून पाहत राहिले. "कालची बाई घरी चालली होती," ते पुटपुटले. "ह्या उजेडात तर तिले दवाखान्यात भरती कराले नेऊन राहिल्यासारखं वाटते."

मागून त्यांच्या पत्नी मैनाबाई ओरडल्या, "मंग उभे काय राहिले? आणा ना शिडी! अन् आपल्या ओट्यावरची ट्यूबही बंद करा."

"सकाळी काढा लागन बरं कागद," भाऊजींनी बजावलं.

"मीच काढीन, काका."

पहिला कागद फिका पडला. आचलनं दुहेरी केला, कॅमेऱ्यात पाहिलं, मान हलवली, वर थोडा नारिंगी जोडला. शिडी भाऊजींनीच धरली, आणि "अजून डावीकडं घे" म्हणून सूचनाही त्यांच्याच.

धर्मेंद्रनं कालचं आणि आजचं चित्र शेजारी शेजारी लावलं. दोन्हींत फरक दिसेना. मग त्यानं तिला विचारलं, "उद्या रात्री बाजारात शूटिंग करायचंय. तिथं प्रत्येक दुकानाचा दिवा वेगळा. जमेल?"

"आजचं थोडंच आहे, हे झालं की मले तिथं घेऊन चला. दुकानं बंद व्हायच्या आत. दिवसा पाहून काही समजत नाही."

"निघू," तो म्हणाला.

मी घरात जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.