जाड थर

हरिहर डोंबिवलीच्या शेडमध्ये शिरला, तेव्हा धाकटा भाऊ सौमित्र दोन आसनी विमानाच्या इंजिनाचे दोन भाग सिलिकॉनचं सीलंट थापून जोडत होता. रविवारी सौमित्र स्वतःच त्यात बसून ते विमान उडवणार होता.

“सांध्यावर सीलंटचा पातळ थर आणि त्यावर रेशमी धागा लाव म्हटलेलं ना?”

“दादा, तुझा धागा मुंजीला ठेव. जाड लावलंय, तेल गळणार नाही.”

“अरे, जास्तीचं आत पिळून येतं. तेलाची वाट बुजली की इंजिन हवेतच जाम होईल. उघड!”

“भित्रा कुठला!” सौमित्रने त्याला ढकललं. हरिहरचं कपाळ टेबलावर फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. त्याने पाना उचलून भावाच्या मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं. सौमित्र किंचाळत कोसळला.

“हाड जुळेल रे,” हरिहर रडत म्हणाला आणि बोल्ट उघडू लागला.