मागे ठेवलेला भाऊ

आजोबा शिपाई, वडील कर्नल. त्या घरात पोरं बोलायच्या आधी सलाम करायला शिकायची. थोरला जनरल झाला याचं कुणाला नवल वाटलं नाही. धाकट्याचा विषय निघाला की मात्र नातेवाईक हळूच म्हणायचे, "त्याला नाही झेपलं." थोरल्याने ते कधी खोडून काढलं नाही.

निवृत्त झाल्यावर जनरल साध्या शर्टात धाकट्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. धाकटा फडक्याने गाडीची काच पुसत होता.

"दादा? वाट चुकलास की काय?"

"नाही. तुलाच भेटायला आलो."

दोघे आत जाऊन बसले. कित्येक वर्षांपूर्वीच्या लढाईत थोरला ब्रिगेडचा प्रमुख होता आणि धाकटा त्याच्याच हाताखाली कॅप्टन. वडील नुकतेच गेले होते, लढाईवर निघताना आईने थोरल्याचा हात घट्ट धरला होता, "याला सांभाळ रे." टेकडीवरचं ठाणं घ्यायची पाळी धाकट्याच्या कंपनीवर आली, तेव्हा थोरल्याने ऐनवेळी त्याला मुख्यालयात कामाला बोलावलं. कंपनी घेऊन धाकट्याचा जिवलग मित्र गेला. ठाणं मिळालं. मित्र परत आला नाही. थोरल्याला बढती मिळाली. धाकट्यानेच मागे राहायला मागितलं असं सगळ्यांनी धरलं; तो मेसमध्ये शिरला की गप्पा थांबायच्या. शेवटी त्याने राजीनामा दिला.

"हुकूम माझा होता," जनरल कसेबसे म्हणाले. "तू हातापाया पडलास, तरी मी ऐकलं नाही. आता सगळ्यांना सांगतो."

"कुणाला? जो गेला, त्याच्या आईला सांगायला हवं होतंस. मी दर वर्षी जायचो. ती दार उघडायची नाही."

"चल, आत्ता जाऊ."

"गेली ती. मागच्या वर्षी."

 इतकी वर्षं जनरल मनाशी म्हणत आले होते, निदान भाऊ तरी वाचवला.

तेवढ्यात एक बाई गाडी शिकायला आल्या. धाकटा गाडी घेऊन गेला. गाडी कोपऱ्यावर आचके देत बंद पडली, पुन्हा सुरू झाली. जनरल बसून राहिले. जायचं कुठे, हेच सुचेना.

धाकटा परतला. "अजून आहेस?"

"आहे."

त्याने शटर अर्धं ओढलं. "चल घरी. बायकोला तुझं तोंडही पाहायचं नाही. पण ताट वाढेल."

जनरल उठले. बाहेर येऊन उरलेलं शटर त्यांनीच खाली ओढलं.