हिरव्या गाडीची काच

नोरियासुच्या हातून झालं ते साधंच. फेब्रुवारीतली सकाळ होती. आदल्या रात्रीच शेडबाहेर काढून ठेवलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर बर्फाचा थर घट्ट बसला होता आणि तिकडे इस्पितळात त्याची बायको हिसानो कपडे करून वाट बघत होती. खरवडत बसायला त्याला धीर नव्हता. त्याने चहासाठी उकळलेल्या पाण्याची किटली आणली आणि काचेवर ओतली. टक् असा आवाज झाला, आणि काचेत वरपासून खालपर्यंत भेग गेली.

लग्नानंतर दोघांनी हौसेने घेतलेली ती दोन दारांची, फिकट हिरवी गाडी. नागाओकात त्याचं केशकर्तनालय चालायचं तेव्हा गिऱ्हाइकं आधी गाडी बघायची, मग खुर्चीत बसायची. हिसानोचं पोटातलं दुखणं आता बरं होणार नव्हतं. डॉक्टरांनी एका दिवसाची मोकळीक दिली होती. तिला तेरादोमारीचा समुद्र बघायचा होता.

काचवाला कुराता आला. भेगेवरून बोट फिरवत म्हणाला, "खडा लागून टवका उडाला असता तर भरून दिला असता, काका. ही पार कडेला गेलीय. अशी रस्त्यावर काढू नका."

"मग दुसरी बसव."

"एवढ्या जुन्या गाडीची काच आता कोण बनवतंय? शोधतो. पण वेळ लागेल."

हिसानोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग टॅक्सीने जाऊ की. समुद्र तोच आहे ना?"

"टॅक्सीत कसलं जायचं? थोडे दिवस थांब. आपल्याच गाडीतून नेतो."

"अहो, मला समुद्र दाखवायचाय की समुद्राला गाडी दाखवायचीय?"

दोघंही हसले. तिने मग हट्ट धरला नाही. सकाळी घातलेला स्वेटर काढून उशाशी ठेवला.

काच सापडली ती शिझुओकातल्या एका बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर. मग बर्फाने रस्ते अडले, सामान वाटेत राहिलं. आलं तेव्हा काचेभोवतीचं जुनं रबर विरलेलं निघालं. नवं यायची वाट बघावी लागली. मार्च उजाडला. कुराताने काचेभोवती रबर चढवलं, त्याच्या खाचेत दोरी घातली आणि आत बसून ती हळूहळू ओढू लागला. बाहेरून नोरियासु दोन्ही तळव्यांनी काच दाबत होता. सरकत सरकत ती चौकटीत बसली. कुठे ओरखडासुद्धा नाही.

तो तसाच गाडी घेऊन इस्पितळात गेला. दारातच नर्सने थांबवलं. "कालपासून त्यांनी डोळे उघडले नाहीत."

तो कानाशी वाकला. "हिसानो, काच बसली. गाडी खाली उभी आहे." तिचा हात त्याच्या हातात नुसता पडून राहिला. दोन दिवसांनी ती गेली.

अंत्यसंस्कारानंतर कुराता घरी धूप वाहायला आला. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "पावसात काढलीत का, काका? रबरातून पाणी झिरपत नाही ना?"

"तुझं काम चोख आहे," नोरियासु म्हणाला. तो दाराजवळच्या बुटांच्या फळीकडे बघत होता. "तेरादोमारी टॅक्सीने तासाभराचाही रस्ता नाही रे, कुराता. तासाभराचाही नाही."

कुराताने खाली वाकून बूट चढवले.