समुद्राच्या चपला

माणसाच्या आयुष्याचं खरं वजन किती, या प्रश्नावर ऋषीमुनींनी डोंगरात बसून विचार केला, संतांनी अभंग रचले, तत्त्ववेत्त्यांनी दाढ्या वाढवल्या आणि तरी उत्तर मिळालं नाही. विमान कंपनीनं ते एका ओळीत देऊन टाकलं: सात किलो. चार्जरसकट.

ही ओळ पवनारच्या सदाशिवरावांना त्यांच्या नातीनं, काजलनं, मोबाईलवरून वाचून दाखवली. सदाशिवराव उभा जन्म किराणा दुकानात बसलेले. दुकान बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण वजनाची गोष्ट निघाली की त्यांचा हात आपोआप कुठंतरी डावीकडे, वजनमापांच्या फळीकडे जायचा. ते म्हणाले, "सात किलोत तं आमच्याकडं गिऱ्हाइकाचा नुसता गूळ जाये."

प्रवासाचं कारण देवकाबाई होत्या, आणि प्रवासाला जाता येणार नव्हतं ते देवकाबाईंनाच. त्यांच्या किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून तीनदा सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिस. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला आधी 'सध्या नको' म्हटलं, नंतर नुसतं 'नको'. पहिला शब्द गळाला तो देवकाबाईंच्या लक्षात आला होता. तसा सगळ्यांच्याच आला होता.

कन्याकुमारीला नेण्याची बोली सदाशिवरावांची. लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी त्यांनी दिलेली. तेव्हा देवकाबाईंनी वर्ध्याच्या बाजारातून समुद्रासाठी म्हणून रबरी तळाच्या, निळ्या पट्ट्याच्या चपला घेतल्या. मग दिवाळीचा सीझन आला. मग लग्नसराई आली. मग पोरी झाल्या. किराणा दुकानाला बंद ठेवायचा मुहूर्त नसतो. मरणाला ते अर्धं शटर लावतं, बाकी सगळं उघड्या दारानं करतं. चपला पेटीत राहिल्या. दर वर्षी पेटी उन्हात टाकली की देवकाबाई त्या पुसायच्या आणि परत पेपरात गुंडाळून ठेवायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "त्या समुद्राच्या व्हय."

आता त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही जाऊन या. फोटो आणा, व्हिडिओ आणा. आणि मला समुद्र ऐकवा. शेजारचे रूपराव मागं जाऊन आले होते, त्यांनी मोबाईलवर समुद्र दाखवला होता. पण त्यात नुसतं वारं फडफडत होतं, जसं कोणी कानाशी गोणपाट झटकतंय. देवकाबाई म्हणाल्या होत्या, "पाणी दिसते, पण बोलत नाई."

"तुले सोडून मी जाऊ?" सदाशिवराव म्हणाले. "मागं काई झालं तं?"

"झालं तं काजल फोन करन."

"अन् मंग?"

"मंग का? तुमी इथी असले तरी का करान? मशीन तुमी चालवता का?"

 तिकीट निघालं. नागपूरहून विमान, मध्ये एक बदल, पुढं बस; एका डायलिसिसच्या दिवशी निघायचं आणि पुढच्याच्या आत परतायचं. तिकीट हातातल्या बॅगेपुरतंच होतं.

काजल वर्ध्यात लग्नांचे व्हिडिओ काढायची आणि उरलेल्या वेळात फिरून आपलं चॅनेल चालवायची. सामान तिचंच होतं. तिनं ते देवकाबाईंच्या खाटेसमोर सतरंजीवर मांडलं, तेव्हा एखाद्या मशीनचं पोस्टमॉर्टेम चालल्यासारखं दिसत होतं. कॅमेरा. लहान ट्रायपॉड. बॅटऱ्या, टोकांना टेप लावलेल्या. पॉवर बँक. दोन कार्डं. आणि एक माईक, ज्याला राखाडी केसांची टोपी होती.

"हे मांजर कायले?" सदाशिवरावांनी विचारलं.

"आबा, हे वाऱ्यासाठी आहे. वारा केसांत अडकते आणि समुद्राचा आवाज तेवढा आत येते. आजीला ऐकायचा आहे ना? मग बाकी काहीही विसरजा, हे विसरू नका."

"अन् हे?"

"ड्रोन. हे उडते."

"याले घरीच राहू दे. मी एकटा उडून राह्यलो तेवढं बस."

रूपराव दारात उभे होते. ते एकदा विमानात बसून आले होते आणि तेव्हापासून ढगांविषयी अधिकारानं बोलत. त्यांनी सल्ला दिला, "सदाशिवराव, बॅटऱ्या खालच्या सामानात नाई चालत. हातातच पाह्यजे. अन् खिडकीची सीट भेटली तं खाली पाहू नका, पोटात कालवते."

"मंग खिडकी कायले ठेवली?"

"ते मी विचारलं नाई."

कॅमेरा, माईक, ट्रायपॉड यांना हात लावायचा नव्हता. सदाशिवरावांचा हात अलीकडे कापायचा. ट्रायपॉड नसता तर समुद्राला ताप भरल्यासारखं दिसलं असतं. मग कपात कपड्यांवर आली. तीन सदऱ्यांचे दोन झाले. पंचा गेला. चिवड्याचा स्टीलचा डबा गेला, चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत आला, मग पिशवी अर्धी झाली. स्वेटर देवकाबाईंनीच काढून ठेवलं. म्हणाल्या, "तिथी थंडी नसते. मले मालूम हाये." कन्याकुमारीबद्दल त्यांना सगळंच माहीत होतं.

सामान आवरल्यावर त्यांनी उशीमागून पेपरातलं पुडकं काढलं आणि खाटेच्या कडेला ठेवलं.

"यायले नेजा."

काजलनं पेपर उघडला. निळे पट्टे तसेच होते. तळव्यांना एकाही पावलाचा ठसा नव्हता.

"आजी, चपला? कॅमेऱ्याच्या बॅगेत?"

"नव्या हाये बापा. जमिनीले लागल्या नाई." मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पाण्याजवळ मांडजा. एक फोटो काढजा. मी नाई तं त्या तरी जाऊन येतीन."

 रूपराव दारातून हळूच निघून गेले. असा माणूस बोलायचं थांबला म्हणजे वेळ खरोखरच गंभीर असते. सदाशिवरावांनी चपला घेतल्या, कॅमेऱ्याच्या बाजूला बसवल्या आणि चेन लावली.

"वजन बघावं लागेल," काजल म्हणाली. "माझ्याकडे हुकाचा डिजिटल काटा आहे, उद्या घेऊन येते."

"माह्या घरात तागडी असताना उद्या काऊन?"

दुकानाची तागडी अजून पुढच्या खोलीत आढ्याच्या हुकाला टांगलेली होती. सदाशिवरावांच्या मापाची पंचक्रोशीत ख्याती होती. इतर दुकानदार दांडी सरळ झाली की 'झालं' म्हणत. सदाशिवराव मालाचं पारडं ठसठशीत खाली बसल्याशिवाय म्हणत नसत. झुकतं माप. गिऱ्हाईक घरी जाऊन पुन्हा तोलो, कमी भरता कामा नये. या सवयीनं त्यांच्या दुकानाला कधी माडी चढली नाही. पण पवनारात कोणी त्यांच्याकडून घेतलेली साखर घरी नेऊन पुन्हा तोलली नाही.

काजल बॅटऱ्या चार्जिंगला लावायला आत गेली होती. सदाशिवरावांनी एका पारड्यात पाच किलो आणि दोन किलोचं माप ठेवलं, दुसऱ्यात बॅग. बॅगेचं पारडं खाली गेलं आणि ठसठशीत बसलं. त्यांनी दांडीकडे पाहिलं, आयुष्यभर पाहिलं तसं, आणि समाधानानं म्हणाले, "झालं. सात."

देवकाबाई खाटेवरून पाहत होत्या. त्या दुकानात वर्षानुवर्षं गल्ल्यामागं बसल्या होत्या, तागडी त्यांनाही कळायची. या वेळी झुकतं माप म्हणजे सातच्या वर, आणि पुन्हा तोलणारं गिऱ्हाईक विमान कंपनी, हेही त्यांना कळलं. पण आता बॅग उघडली असती तर आधी काय बाहेर आलं असतं, ते सगळ्यांत आधी कळलं. त्यांनी पांघरूण वर ओढलं आणि डोळे मिटले.

नागपूरच्या विमानतळावर काजलनं आबांना दारापर्यंत सोडलं. तिला परत फिरून आजीला सावंगीला न्यायचं होतं. जाताना ती म्हणाली, "आबा, वजन थोडं जास्त भरलंच, तर बॅटऱ्या खिशात टाकजा. सगळेच टाकतात."

सदाशिवरावांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. काट्यावर एक आणि खिशात एक, याला त्यांच्या धंद्यात दांडी मारणं म्हणत.

काउंटरवरच्या मुलीनं बॅग यंत्रावर ठेवायला सांगितली. यंत्रावर लाल आकडे आले.

"सर, चारशे ग्राम ज्यादा है."

"नाई होत," सदाशिवराव म्हणाले. "मीनं स्वतः तोललं."

मुलीनं बॅग उचलून पुन्हा ठेवायला लावली. आकडे तेच. सदाशिवराव त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांसमोर आपलीच तागडी आली आणि त्यात ठसठशीत खाली बसलेलं बॅगेचं पारडं. साऱ्या आयुष्यात त्यांचं माप पहिल्यांदाच परत आलं होतं. त्यांनी मान हलवली.

"बरोबर हाये तुमचं. चूक माही."

मुलगी जरा गोंधळली. तिच्या नोकरीत हे वाक्य तिनं बहुधा ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, काहीतरी काढा, नाहीतर पैसे भरून खाली सामानात पाठवा.

सदाशिवरावांनी बाजूला होऊन बॅग उघडली. कॅमेरा काढला तर समुद्र दिसणार नाही. माईक काढला तर समुद्र बोलणार नाही. ट्रायपॉड काढला तर समुद्र थरथरेल. चिवडा काढला, तो मूठभरच उरला होता, आकड्यावर फारसा फरक पडला नाही. शेवटी पेपरातलं पुडकं हातात राहिलं. मुलीनं बोट दाखवून विचारलं, "ये नीचे भेज दें, सर?"

"ह्या नाई जात खाली," सदाशिवराव म्हणाले. "ह्या माह्यासंगंच येतीन."

 मागच्या रांगेत कोणी खाकरलं. मग ते बाकावर बसले आणि आपले बूट काढले. पायात घातलेलं कोणी तोलत नाही. त्यांच्या दुकानातही गिऱ्हाईक चपला काढून पारड्यात ठेवत नसे. त्यात दांडी मारणं नव्हतं. त्यांनी पेपर उलगडला, देवकाबाईंच्या चपला जमिनीवर ठेवल्या आणि त्यांत पाय घातले. टाचा दोन बोटं मागं लोंबल्या. पट्टा बोटांवर करकचला. बूट त्यांनी खांबाच्या कडेला, देवळाबाहेर ठेवतात तसे, जोडून ठेवले.

यंत्रावर सात आलं. न झुकता.

"ये जूते किसके हैं?" बंदूकवाल्या जवानानं मागून विचारलं.

"अब किसीके नहीं," सदाशिवराव म्हणाले.

जवानानं बुटांकडे पाहिलं, मग निळ्या पट्ट्यांकडे, मग चेहऱ्याकडे. बूट त्यानं स्वतःच उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि दुसरीकडे पाहू लागला.

विमानात सदाशिवरावांना खिडकी मिळाली. त्यांनी खाली पाहिलं. पोटात कालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाण्याच्या काठाशी उभे होते. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड वाळूत रोवला होता, काजलनं शिकवल्याप्रमाणे हिरवा दिवा पाहून माईक मोबाईलला जोडला होता, केसाळ टोपीसकट. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. सावंगीचा वॉर्ड दिसला, काजलचा अंगठा दिसला, मग उशीवरचा देवकाबाईंचा चेहरा. आदल्या दिवशी डायलिसिसला आणलेल्या त्या अजून तिथंच होत्या. रात्री त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं. हे सदाशिवरावांना कोणी सांगितलं नव्हतं.

"काऊन नाई सांगतलं?"

"तुमी तेथून का पोहत येणार होते?" देवकाबाईंचा आवाज बारीक होता. "आयकवा आधी."

त्यांनी मोबाईल पाण्याकडे धरला. हात कापत होता, पण आवाजाला हात लागत नाही. लाट आली, फुटली, मागं सरली. पुन्हा आली. काजलनं आजीच्या कानात इअरफोन घातले होते. देवकाबाईंनी डोळे मिटले. 

"थांबतच नाई ना," त्या म्हणाल्या.

"नाई."

"रातीही?"

"रातीही. मी आयकून राह्यलो होतो खोलीतून."

"मंग बरं हाये." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चपला मांडल्या का?"

सदाशिवरावांनी मोबाईल खाली केला. ओल्या वाळूत निळे पट्टे, त्यांत कोंबलेले त्यांचे पाय, मागं लोंबणाऱ्या टाचा. त्यांनी विमानतळावरचं सांगितलं, तागडीसकट.

"मले दिसलं होतं," देवकाबाई म्हणाल्या. "पारडं खाली गेलतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"त्या राह्यल्या असत्या."

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि घोट्यापर्यंत चढली. फेस पट्ट्यांतून आत शिरला, बोटांवरून फिरला आणि परत जाताना तळव्याखालची वाळू घेऊन गेला. चादरीखाली आजीच्या पायाची बोटं हलली, असं काजलनं पुढं सांगितलं. सदाशिवरावांना ते दिसलं नाही. त्यांना चेहरा दिसला, आणि तो त्यांनी लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी, कन्याकुमारीची बोली देताना, पाहिला होता.

त्यांना बोलायचं होतं. बरंच होतं. ते शब्द जुळवू लागले.

"आयका ना," देवकाबाईच म्हणाल्या.

"बोल."

"त्या तिथंच झटकून आणजा. घरात रेती नोका आणू, मले आता झाडता येत नाई."