कानकोरण्याखाली वाचलेली कथा

आमच्या चेंगदूत विज्ञानकथांचं मासिक काढणाऱ्या तानबाई लेखकाला कार्यालयात बोलावत नाहीत. बागेतल्या चहाच्या दुकानात बोलावतात, बांबूच्या खुर्चीत आडवं करतात आणि तिथे गिऱ्हाइकांचे कान कोरणाऱ्या म्हाताऱ्या गौला त्याचे कान कोरायला सांगतात. मग त्याचीच कथा मोठ्याने वाचतात. कानात कोरणं असलेला लेखक वाद घालत नाही.

माझी कथा चंद्रावरच्या वस्तीची होती. पहिल्या पाच पानांत आकाशातल्या पृथ्वीच्या निळ्या उजेडाचं वर्णन होतं. त्यावर मी दोन महिने खपलो होतो.

गौने जांभई दिली. "बाई, यात माणसं कधी येणार?"

"सहाव्या पानावर," म्हणत बाईंनी पाचही पानांवर पेन्सिलीने काट मारली. माझा नुसता जळफळाट झाला, पण मान हलवायची सोय नव्हती.

सहाव्या पानावर एक आई मुलाची वाट बघत दोन वाट्यांत चहा ओतत होती.

"ही तर आमच्या गल्लीतली बाई झाली," गौ म्हणाला. "तुमचा चंद्र कुठाय?"

"बोल की आता," बाई मला म्हणाल्या.

मी ओठ जेमतेम हलवले. "तिथे सगळंच हळू पडतं. चहा किटलीतून निघाला आणि तिला वाट बघायला लावत दुसऱ्या वाटीत उतरला."

गौचा हात थांबला. "मग? आला का पोरगा?"

बाईंनी माझं चहाचं वाक्य समासात उतरवून घेतलं.

"दुसरा कान करू?" गौने विचारलं.

"कर. याची अजून एक कथा आहे माझ्याकडे."