दोन खऱ्या, एक खोटी

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल एरवी वाढदिवसांना भाड्याने मिळायचा. त्या दिवशी मात्र तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली. समोर पांढरा पडदा, टेबलावर दोन लॅपटॉप आणि त्यांच्या मधोमध तरंगगुरू. अंगात दुधासारखा शुभ्र कोट, गळ्यात हेडफोन. इतरांच्या गळ्यात हार असतो, यांच्या गळ्यात वायर.

"बघा! डोळे फाडफाडून बघा!" गुरूंनी पडद्याकडे बोट केलं. "हे एक फोल्डर. आत फायली किती?"

"दोन!"

"नावं वाचा."

"खऱ्या गोष्टी," हॉलने एका सुरात वाचलं. "आणि... खऱ्या गोष्टी?"

"एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली राहतात का हो? आहे कुणी कॉम्प्युटरवाला इथे?"

चष्मा लावलेले एक कारकून उभे राहिले. "नाही राहत. यंत्र ठेवूच देत नाही."

"पण इथे राहिल्या! कारण एक ताईंनी जिवंतपणी ठेवली आणि दुसरी गेल्यानंतर! मंडळी, देह म्हणजे डेस्कटॉप आणि आत्मा म्हणजे फाइल. डेस्कटॉप बंद पडला म्हणून फाइल मरते का?"

"नाही!" हॉल गरजला.

"मग आमच्या घरी बंद पडलेला प्रिंटर आहे, तो कोण? खापरपणजोबा?" मागच्या रांगेतून चिंगी पुटपुटली. आत्याने तिला असा काही चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"गप्प बस गं कार्टे. तुझ्या आईचं चाललंय."

तेच तर. पडद्यावरचं फोल्डर चिंगीच्या आईचं होतं आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेला माणूस चिंगीचा बाबा होता.

गुरूंनी दुसरी फाइल लावली. आधी थोडी खरखर, मग आवाज आला. "अहो, काळजी करू नका. मी आहे ना."

चिंगीने कान टवकारले. आवाज आईचाच होता, शंभर टक्के आईचा. पुढे बाबाचे खांदे हलायला लागले.

"येत्या शनिवारी मीलन!" गुरूंनी हात वर केले. "माझ्या शुद्ध यंत्रावर दोन्ही फायली एक होतील आणि ताई मुक्त होतील. पथ्य एकच. घरी सावली ठेवायची नाही. कॉपी म्हणजे आत्म्याच्या पायातली बेडी!"

आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दुकानात येणाऱ्या माणसांचे किस्से ती असे रंगवून सांगायची की चिंगी हसून हसून गडाबडा लोळायची. आजार वाढला आणि दुकान सुटलं, तेव्हा तिने घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून ते सगळे किस्से एका लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये भरले आणि फाइलला नाव दिलं, 'खऱ्या गोष्टी'. चिंगी ती फाइल पुरवून पुरवून ऐकायची. एक किस्सा ऐकला की बंद. पुढचा लगेच नाही. फाइल संपली की आई संपली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. म्हणून मागचे किस्से तिने अजून ऐकलेच नव्हते.

बाबाने ती फाइल एका पेन ड्राइव्हवर घातली आणि आईच्या फोनसकट गुरूंकडे 'शुद्धीला' दिली. ड्राइव्ह परत आला तो दोन फायली घेऊन.

"बाबा, आई तुला कधी 'अहो' म्हणाली होती?" घरी आल्या आल्या चिंगीने तोफ डागली. "ती तुला 'अरे' म्हणायची. रागावली तर 'अरे ए' म्हणायची. 'अहो' दुकानातल्या गिऱ्हाइकांना. फोनवर डोस विचारायचे त्यांना ती असेच आवाजी मेसेज पाठवायची, 'अहो, काळजी करू नका.' तिचा फोन त्या माणसाकडे होता की नाही?"

"तिकडे गेल्यावर माणसं बदलत असतील," बाबा म्हणाला.

"बदलून 'अहो' म्हणायला लागतात?"

"चिंगे, ती बोलली गं. मला तेवढं पुरे आहे."

तर्काने बाबाला हरवता आलं असतं, पण इतक्या थकलेल्या माणसाला हरवून करायचं काय?

"बरं. पण घरच्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसू नकोस. शप्पथ?"

बाबाने ताट उचललं आणि तो स्वयंपाकघरात गेला. चिंगीने तो होकार समजला.

शनिवारी शाळा अर्धी. कॉम्प्युटरच्या तासाला चिंगी स्वतःच्या प्रोग्रॅमशी झटापट करत होती. शाळेतल्या रेकॉर्डिंगची यादी करणारा तो प्रोग्रॅम बाईंच्या यंत्रावर सुतासारखा सरळ चालायचा आणि शाळेच्या यंत्रावर हातपाय गाळायचा. बाईंचं पालुपद ठरलेलं असायचं. "प्रत्येक यंत्राचा संसार वेगळा. फोल्डरचा रस्ता लिहिताना एकाची तिरपी रेघ उजवीकडे झुकते, दुसऱ्याची डावीकडे. एकाला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच, दुसऱ्याला वेगळी. म्हणून फोल्डरचा रस्ता हाताने लिहायचा नाही, ते काम प्रोग्रॅमच्या भाषेवर सोपवायचं. आणि दोन नावं ताडून बघायची असतील तर आधी ती एका साच्यात आणायची."

"बाई, एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली राहतात?" चिंगीने विचारलं.

"नाही राहत."

"मी पाहिल्यात."

"नाव काय होतं?"

"खऱ्या गोष्टी."

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "'ऱ'! अगं, ही एक नाव नाहीच, ही दोन नावं आहेत." त्यांनी शाळेच्या यंत्रावर भराभर टाइप केलं. "या नावात 'ऱ' हे आख्खं एक अक्षर आहे. या दुसऱ्यात साधा 'र' आहे आणि त्याच्याखाली वेगळं टिंब. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन निराळे."

फोल्डरात दोन 'खऱ्या गोष्टी' उमटल्या. ना धूप, ना दीप, ना मेलेलं माणूस.

"हात्तिच्या!" चिंगी बाकावर उडालीच. "मग मीलन? दोनाची एक होते ती?"

"काही यंत्रं नावं लिहितानाच एका साच्यात आणतात. त्यांच्या लेखी ही दोन्ही नावं एकच. दुसरी फाइल आली की ती पहिलीच्या जागी बसते."

"आणि पहिली?"

"पहिली गेली."

चिंगी तीरासारखी सुटली आणि बाई पर्स सावरत तिच्या मागे. हॉल दोनच गल्ल्या पलीकडे होता. जिन्यातच टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. चिंगी आत शिरली तेव्हा पडद्यावर एकच नाव उरलं होतं आणि गुरू ड्राइव्ह खिशात टाकत होते. "हाही शुद्ध केला!" असं ते सांगत होते. म्हणजे कोरा.

"थांबा!" चिंगी थेट टेबलापाशी गेली. "मीसुद्धा चमत्कार करते. कुणीही नाव सांगा. फक्त त्यात 'दऱ्या'तला 'ऱ' हवा."

"पोरी, बाजूला हो," गुरू हसले. "तुझे तरंग तापलेत."

"तापू देत की," चष्मेवाले कारकून म्हणाले. "लिही, 'कोऱ्या वह्या'."

चिंगीने पहिल्या लॅपटॉपवर ते नाव दोनदा लिहिलं, एकदा असं आणि एकदा तसं. पडद्यावर दोन 'कोऱ्या वह्या' उभ्या राहिल्या. बाईंनी पर्समधून आपला ड्राइव्ह काढून दिला. त्यावरून चिंगीने दोन्ही फायली गुरूंच्या 'शुद्ध' यंत्रात टाकल्या. यंत्राने विचारलं, आधीची फाइल बदलायची का? तिने 'हो' दाबलं. दोनाची एक झाली.

"या फायली रिकाम्या आहेत," ती हॉलकडे वळली. "यांत कोण मेलंय? वह्या?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग हॉलभर कुजबुज पसरली. चिंगीने 'ऱ'ची गंमत सांगितली, फोनवरचं 'अहो' सांगितलं. कारकुनांनी चष्मा काढून पुसला. "मीच म्हटलं होतं, यंत्र ठेवूच देत नाही. मी विचारायला हवं होतं, कोणतं यंत्र?" गुरू "अश्रद्ध तरंग, अश्रद्ध तरंग," करत वायर गुंडाळू लागले. त्यांना जायची भलतीच घाई झाली. दारात आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. लॅपटॉप टेबलावरच राहिले आणि ड्राइव्ह आत्याने त्यांच्या खिशातून काढून घेतला. "कोट तेवढा पांढरा आहे मेल्याचा!"

चिंगी जिंकली होती. तिला नाचावंसं वाटत होतं.

मग बाबा उठून जवळ आला.

"चिंगे, आता तिथे जी एक उरलीय, ती कुठली?"

चिंगीने फाइल लावली. थोडी खरखर. "अहो, काळजी करू नका. मी आहे ना." तेवढंच. मग काही नाही.

"नंतर आलेली आधीच्या फाइलवर बसते," ती म्हणाली. "पण असू दे बाबा. घरच्या कॉम्प्युटरवर आहे ना आपली."

बाबाने मान खाली घातली.

"बाबा?"

"काल गुरूंचा माणूस आला होता. त्याने कॉम्प्युटर सगळा पुसून नव्याने भरून दिला. म्हणाला, सावली राहिली तर ती अडकून पडेल. मला तिला अडकवायचं नव्हतं गं."

बाईंनी पुढे बरेच दिवस घरचा कॉम्प्युटर आणि तो ड्राइव्ह खरवडून पाहिला. हाती काही लागलं नाही. पण त्या क्षणीच बाईंच्या तोंडाकडे बघून चिंगीला सगळं कळलं होतं.

"शेवटी काय होतं त्यात?" बाबाने विचारलं. "तू तर रोज ऐकायचीस."

"मी शेवट ऐकलाच नाही. मी तो राखून ठेवला होता."

बाबाने तिला जवळ ओढलं. दोघंही त्या टेबलापाशी, भरल्या हॉलसमोर, लहान मुलांसारखी रडली. चूक कुणाची, हे चिंगीने बाबाला विचारलं नाही. माणूस वेडा असतो म्हणून फसत नाही. त्याचं कुणीतरी गेलेलं असतं, म्हणून फसतो. लुच्चा बरोबर तिथेच हात घालतो.

बाहेर जिन्यात गुरूंकडे आलेल्यांची रांग अजून होती. खाली काय घडलं हे वर आणि वर काय घडलं हे खाली कळायला वेळ लागतो. सगळ्यात पुढे एक काकू होत्या, छातीशी नवऱ्याचा जुना फोन धरून. बाबा डोळे पुसत त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ताई, फोन कुणाच्याही हातात देऊ नका."

"पण ते बोलतात म्हणे," काकू म्हणाल्या.

"ते बोललेत, ताई. जे बोललेत ते सगळं या फोनमध्येच आहे. आधी त्याच्या दोन-तीन कॉप्या काढून वेगवेगळ्या जागी ठेवा. मग कुणी चमत्कार दाखवला, तर विचारा, हे झालं कसं? पुन्हा करून दाखव. माझ्या यंत्रावर दाखव. विचारल्याने गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. मी विचारलं नाही."

काकूंनी फोन पदराआड घेतला आणि त्या जिना उतरू लागल्या. बाबा पुढच्या माणसाकडे वळला.